एक सलाईन लावा, उतरतीया!

परवा एका हळदीच्या मांडवामागं पुन्हा तोच सल्ला कानावर पडला : "काय हुतंय भावा, लई झाली तर एक सलाईन लावायची, तासाभरात उतरतीया." एवढा आत्मविश्वास बघून वाटलं, दारू उतरवण्याच्या या शास्त्राची रीतसर मांडणी व्हायलाच हवी.

सुरुवात उपाशीपोटी करा. तांबडा-पांढरा नंतर. पोट रिकामं असलं की दारू जठरात रेंगाळत नाही. लहान आतड्यातून रक्तात आणि काही मिनिटांत मेंदूत. मेंदूच्या केशवाहिन्यांना पन्हाळ्याच्या तीन दरवाजासारखा बंदोबस्त असतो. आतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या, त्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी आणि त्याबाहेर ॲस्ट्रोसाइट पेशींची पावलं. बहुतेक औषधांनाही आत सोडत नाहीत. दारूचा रेणू मात्र एवढासा, पाण्यातही विरघळणारा, चरबीतही. त्याला दरवाजा लागतच नाही. थेट व्हीआयपी दर्शन!

रोज घ्या. दारू पचताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन तयार होतं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींमधली ती शिवण उसवायला लागते. तिकडं आतड्याचं अस्तरही सैल पडतं, जंतूंचं विष रक्तात उतरतं, सूज वाढते. मग जे बाहेरच थांबायला हवं तेही मेंदूत झिरपतं.

डोळ्यांवर अन्याय नको. आतल्या पडद्यालाही, म्हणजे रेटिनालाही, असाच दुहेरी पहारा आहे : एक रक्तवाहिन्यांचा, दुसरा पडद्यामागच्या रंगीत पेशींच्या थराचा. साखरेचा त्रास असेल तर हा पहारा आधीच ढिला होत असतो, निम्मं काम आयतंच झालं समजा. शिवाय दारू अश्रूतही उतरते, डोळ्यावरचा ओलावा लवकर फाटतो. सकाळी डोळे चुरचुरले की एसीला शिव्या द्या.

बिनलेबलाची स्वस्त मिळाली तर सोडू नका. त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, निघालं तर 10 मिलिलिटरही दृष्टी कायमची घालवायला पुरतं, 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली.

आणि आता सलाईन. एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर, 42.8 टक्क्यांची. हिशोब केला तर शुद्ध दारू सुमारे 61 ग्रॅम. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे सहा ते नऊ तास. सलाईननं यातलं एक मिनिटही कमी होत नाही. पाणी भरून निघतं, इतकंच. पण बाटली टांगली की घरच्यांना बरं वाटतं, डॉक्टरला बिल लावता येतं. त्यातही डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजची सलाईन, लावलं तर उत्तमच! वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन, म्हणजे थायमिन, उरलेलंच नसतं. मुळात शरीरात साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांचा. जेवण नाही, आणि जे खाल्लं त्यातलंही दारूमुळं आतड्यात नीट शोषलं जात नाही. दारू व्हीआयपी दारानं आत. बिचारं थायमिन रांगेत, वाहक प्रथिनाची वाट बघत. अशा मेंदूवर नुसतं ग्लुकोज ओतलं की ते जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. बुबुळं थरथरतात किंवा हलेनाशी होतात, एकाचे दोन दिसतात, पाय फाकून झोकांड्या जातात, माणूस भ्रमतो. थायमिनअभावी होणाऱ्या मेंदूच्या या आजाराला वेर्निके म्हणतात. आणि तुम्ही म्हणता, "अजून उतरली न्हाई, आणखी एक लावा."

डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दारू उतरायची वेळ टळून गेली तरी माणूस झोकांड्या खातो, ती दारू नव्हे. साखर उतरली असेल तर ग्लुकोज हवंच, पण थायमिनचं इंजेक्शन त्याच्या आधी किंवा सोबत. गोळीवर भागत नाही. चुकलं तर स्मरणशक्ती गेली ती बहुधा गेलीच. बेशुद्ध माणसाला उताणा टाकू नका, कुशीवर वळवा. तोंडात लिंबूपाणी नाही, ताक नाही. सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गाठा. आणि तो दहा वर्षं रोज पितोय हे घरात सगळ्यांना ठाऊक असताना डॉक्टरपुढं "कार्यक्रमात जरा जास्त झाली" असं कुणाची अब्रू राखायला सांगता?