‘गणिताला कागद-पेन्सिल पुरते’ या दाव्यात काय चुकतं

गणिताच्या निधीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो आणि हातोहात पसरतो. तो थोडक्यात असा: गणितज्ञाला कागद-पेन्सिल पुरते, मग त्याला वेगळा पैसा कशाला? गणिताचा जीवशास्त्राला किंवा वैद्यकाला उपयोग व्हायचाच असेल तर तो आपोआप होतो. तरुणांनी आधी एका विषयात पाय रोवावेत. दोन विषयांत हात घातला की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. आंतरशाखीय केंद्रं म्हणजे परिषदा आणि प्रवास. आणि आता मशीन लर्निंग (माहितीवरून संगणकानं स्वतः शिकणं) आल्यावर मध्ये गणितज्ञ हवाच कशाला?

यातला प्रत्येक मुद्दा ऐकताना पटतो, म्हणून प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला हवं.

‘कागद-पेन्सिल पुरते’

सिद्धता लिहायला पुरते. पण आंतरशाखीय प्रकल्पाचं अंदाजपत्रक उघडलं तर त्यात सर्वांत मोठी रक्कम पगाराची असते. पीएचडी नुकतीच संपवलेल्या माणसाला दोन-तीन वर्षं एकाच प्रश्नावर काम करू देण्याची ती किंमत आहे. मग येतो दुसऱ्या शाखेच्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने राहण्याचा खर्च, संगणकाचा वेळ, माहितीची साठवण. रुग्णांची माहिती वापरायची तर नैतिकता समितीची परवानगी लागते, नावं-ओळखी काढून टाकाव्या लागतात, आणि त्यात जाणारे महिनेही पगारीच असतात. प्रस्तावांमधून एक खर्च सहसा राहून जातो: लिहिलेला कोड दुसऱ्याला चालवता येईल अशा अवस्थेत आणणाऱ्या माणसाचा पगार. तो नसला की शोधनिबंध छापून येतो, पण पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा हा तात्पुरता संशोधक, दुसरीकडे गेल्यावर त्यातली एक आकृतीही पुन्हा काढणं कुणाला जमत नाही.

‘उपयोग आपोआप होतो’

होतो, पण किती वर्षांनी? गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ साली दाखवलं की एखाद्या फलनाची (जागोजाग बदलणाऱ्या राशीची) सर्व रेषांवरची संकलनं, म्हणजे प्रत्येक रेषेवरच्या किमतींची बेरीज, माहीत असतील तर ते फलन परत मिळवता येतं. शरीरातून आरपार गेलेल्या क्ष-किरणांवरून आतला छेद उभा करायचा, तर हेच गणित लागतं. पण ते ज्यांना हवं होतं त्यांच्यापर्यंत ते पोहोचलंच नाही. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ साली रेडिओ खगोलशास्त्रासाठी त्याच प्रश्नाची उकल नव्यानं केली. भौतिकशास्त्रज्ञ अॅलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ साली क्ष-किरणांसाठी ती पुन्हा एकदा केली. राडोन यांनी हे आधीच सोडवून ठेवलं आहे, हे आपल्याला या प्रश्नाला हात घातल्यानंतर चौदा वर्षांनी कळलं, असं कॉरमॅक यांनी नोबेल व्याख्यानात सांगितलं आहे. सीटी स्कॅनर घडवणारे अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्याबरोबर त्यांना १९७९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. राडोन यांचा निबंध १९२० साली डॉक्टरांच्या हाती पडला असता तरी सीटी स्कॅन लगेच झाला नसता. त्याला संगणक लागतो. पण पन्नाशीच्या दशकात संगणक होते, आणि तरीही एकच सूत्र तीन वेगळ्या शाखांत तीन वेळा शोधावं लागलं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. थोडक्या मोजमापांतून पूर्ण प्रतिमा मिळवण्याचा सिद्धांत, ज्याला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात, त्याचे पायाभूत निबंध २००६ साली प्रसिद्ध झाले. एका निबंधाचे लेखक एमान्युएल कॅन्डेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स टाओ. दुसऱ्याचे डेव्हिड डोनोहो. पुढच्याच वर्षी, २००७ साली, तो एमआरआयला लावून दाखवणारा निबंध आला. त्याचे लेखक होते स्टॅनफर्डमधले डॉक्टरेटचे विद्यार्थी मायकेल लस्टिग, संख्याशास्त्रज्ञ डोनोहो आणि विद्युत अभियंता जॉन पॉली. २०१७ साली या पद्धतीच्या एमआरआय यंत्रणांना अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामकाची (एफडीए) मंजुरी मिळाली. सिद्धांताचे निबंध आणि एमआरआयवरचा निबंध यांत एका वर्षाचं अंतर राहिलं, कारण दोन्ही बाजू समजणारा एक तरुण संशोधक त्या जागी होता आणि त्याला दोन्हीकडचे ज्येष्ठ लाभले होते. निधीनं विकत घ्यायची गोष्ट ती हीच.

‘आधी एका विषयात पाय रोवा, बाकी नंतर’

पहिला अर्धा भाग खरा आहे. ज्याच्याकडे एकाही विषयाची खोली नाही तो दोन विषयांमध्ये उभा राहून काहीच करू शकत नाही. म्हणूनच जीवशास्त्राच्या संशोधनाला निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची आंतरशाखीय संशोधनवृत्ती पीएचडी झाल्यावर मिळते: गणित, भौतिकी, रसायन, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्यांना जीवशास्त्र शिकण्यासाठी तीन वर्षं.

चूक आहे ती ‘नंतर’ या शब्दात. कायम नोकरीनंतर अध्यापन, विद्यार्थी, समित्या आणि पुढचं अनुदान यांतून सलग सहा महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बसायला सहसा कुणाला मिळत नाहीत. ही फट बहुधा पीएचडी आणि पहिल्या पक्क्या नोकरीच्या मध्ये असते. त्या वेळी पगार नसेल तर माणूस साहजिकच आपल्या जुन्या विषयात सुरक्षित निबंध लिहितो.

या तीन वर्षांत नेमकं काय करायचं, हे निधी देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही स्पष्ट ठरवावं. आमचा आग्रह पुढच्या क्रमासाठी आहे.

पहिले चार ते सहा आठवडे एकही समीकरण लिहू नये. माहितीच्या तक्त्यातला प्रत्येक स्तंभ कसा तयार होतो ते प्रयोगशाळेत बसून पाहावं: कोण मोजतं, कोणत्या यंत्रानं, नमुना किती वेळ बाहेर राहतो, मोजमाप चुकलं तर त्या जागी काय लिहिलं जातं. सर्वांत जास्त घोटाळा शून्यावर होतो. ‘पदार्थ नाही’ आणि ‘यंत्राच्या मर्यादेखाली आहे’ या दोन्हींसाठी तक्त्यात शून्यच लिहिलेलं असतं. गणितज्ञ त्याचा लॉगरिदम घ्यायला जातो, तो निघत नाही, म्हणून सर्वत्र एक लहान संख्या मिळवतो, आणि पुढचा सगळा कल त्या मनमानी संख्येवर ठरतो.

पुढचे दोन-तीन महिने आधी प्रसिद्ध झालेलं एक गणिती मॉडेल जसंच्या तसं पुन्हा उभं करावं, आकृत्यांसकट. हे सोपं वाटतं आणि पुष्कळदा अडतं, कारण निबंधात सुरुवातीच्या किमती दिलेल्या नसतात, किंवा एक दर प्रतितास आणि दुसरा प्रतिमिनिट असतो. इथे गेलेला वेळ वाया जात नाही. दुसऱ्या शाखेत कोणत्या गोष्टी न लिहिता गृहीत धरतात, ते याच टप्प्यावर कळतं.

त्यानंतर स्वतःच्या मॉडेलविषयी एक पान लिहावं: कोणतं मोजमाप आलं तर हे मॉडेल चूक ठरेल? प्रयोग करणाऱ्यानं ते पान वाचून ‘हे मोजता येईल’ किंवा ‘हे मोजता येणार नाही’ असं लिहून द्यावं. ते येईपर्यंत मॉडेल वाढवू नये.

मार्गदर्शक दोन हवेत, आणि तिघांची बैठक दर पंधरवड्याला एकत्र हवी. वेगवेगळ्या बैठका घेतल्या की तरुण संशोधक निरोप्या होऊन बसतो. इकडचं तिकडे सांगतो, गैरसमज त्याच्या माथी येतो, आणि दोन ज्येष्ठ वर्षभरात एकमेकांशी बोललेलेच नसतात. अशा जोड्या बिघडण्याचं आमच्या मते हे पहिलं कारण आहे.

दुसरं कारण लेखकांच्या क्रमाचं. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात पहिलं आणि शेवटचं नाव मोजलं जातं. जीवशास्त्राच्या निबंधात सहाव्या जागी असलेल्या गणितज्ञाकडे जीवशास्त्राची निवड समिती पाहत नाही, आणि गणिताची समिती विचारते, ‘यात प्रमेय कुठे आहे?’ म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवावं की निदान दोन निबंध होतील: एक प्रयोगाचा आणि एक पद्धतीचा. पद्धतीच्या निबंधात तरुणाचं योगदान एका वाक्यात सांगितलेलं असावं. गणिताच्या नियतकालिकांत परीक्षणालाच वर्ष उलटून जाणं नवीन नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या पदावर असलेल्याला दुसरा निबंध नोकरीच्या अर्जात ‘परीक्षणाधीन’ म्हणूनच दाखवावा लागतो. आम्ही तीन वर्षांवर अडून बसतो ते यामुळे.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’

याचं उत्तर आकड्यांत देता येतं. ब्रायन उझी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १ कोटी ७९ लाख शोधनिबंध तपासले. ज्या निबंधांचा पाया रूढ होता पण त्यात एखादी अनपेक्षित जोडणी होती, ते सर्वाधिक उद्धृत निबंधांत जाण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. एरिन लेही आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली सुमारे ९०० शास्त्रज्ञांच्या कामावरून दाखवलं की आंतरशाखीय काम करणाऱ्यांचे निबंध संख्येनं कमी होतात, पण उद्धृत जास्त होतात.

म्हणजे काम उथळ नाही, हळू आहे. आणि निबंध मोजून पद देणाऱ्या समितीपुढे हळू असणं तरुणाला महागात पडतं.

परीक्षणातही हेच घडतं. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या डिस्कव्हरी योजनेतल्या पाच वर्षांच्या १८,४७६ प्रस्तावांचं विश्लेषण २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं: प्रस्ताव जितका जास्त आंतरशाखीय, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी. प्रस्ताव दोन शाखांच्या परीक्षकांकडे गेला की प्रत्येकाला आपल्या वाट्याचा अर्धा भाग ‘फारसा नवा नाही’ वाटतो, दुसरा अर्धा कळत नाही, आणि सावध गुण दिले जातात. चढाओढीत सावध गुण म्हणजे नकार. यावर उपाय आहे: दोन्ही बाजूंचा अनुभव असलेला तिसरा परीक्षक, आणि जोडणीसाठी स्वतंत्र गुण.

‘गुणवान माणूस कसाही वर येतोच’ असंही याच मुद्द्याला जोडून सांगतात. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निवडीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्यांची तुलना होती. गुण जवळजवळ सारखेच, तरी वर राहिलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत दुपटीहून अधिक निधी मिळाला. सुरुवातीचा एक होकार किंवा नकार इतका दूरवर पोहोचतो.

‘केंद्रं म्हणजे परिषदा आणि प्रवास’

दोन दिवसांच्या परिषदेबद्दल ही टीका रास्त आहे. पण केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन संस्थेचे कार्यक्रम चार-सहा महिन्यांपर्यंत चालतात, लॉस एंजेलिसमधल्या आयपॅम या गणित संस्थेचे मोठे कार्यक्रम तीन महिन्यांचे असतात. १९६८ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेले उद्योगांबरोबरचे अभ्यासगट आठवड्याचेच असतात, पण सोमवारी प्रश्न मांडला जातो आणि शुक्रवारी उत्तर सांगावं लागतं. २०१८ साली अमेरिकेची सरकारी निधीसंस्था एनएसएफ आणि खासगी सायमन्स फाउंडेशन यांनी जीवशास्त्रातल्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांच्या गणितासाठी चार केंद्रांना मिळून ४ कोटी डॉलर दिले. प्रवास या सगळ्यात आहे, आणि तो असायलाच हवा. प्रश्न आणि गणित एका गावात क्वचितच राहतात.

‘मशीन लर्निंग आहे ना’

एक साथ घ्या. रुग्ण रोज सुमारे १० टक्क्यांनी वाढताहेत, म्हणजे सात दिवसांत दुप्पट. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या साथींच्या गणितावरच्या १९२७ च्या निबंधातून आलेल्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये एका रुग्णामागे होणाऱ्या नव्या रुग्णांची सरासरी म्हणजे १ अधिक वाढीचा दर गुणिले संसर्गकाळ. संसर्गकाळ ५ दिवस धरला तर ती १.५ येते, १० दिवस धरला तर २. साथ ओसरायला लागण्यासाठी, म्हणजे ही सरासरी एकवर येण्यासाठी, पहिल्या स्थितीत ३३ टक्के लोक सुरक्षित हवेत, दुसऱ्या स्थितीत ५० टक्के. आणि सुरुवातीच्या आठवड्यांच्या आलेखावर दोन्ही मॉडेलं सारखीच तंतोतंत बसतात.

रोजच्या रुग्णसंख्या कितीही शक्तिशाली यंत्राला दिल्या तरी यातलं खरं कोणतं हे त्याला सांगता येणार नाही, कारण ती माहिती त्या आकड्यांत नाहीच. ती रुग्णांच्या तपासणीत आहे. कोणती गोष्ट कोणत्या मोजमापातून मुळीच ठरवता येत नाही हे सांगणं गणिताचं काम, आणि मग संसर्गकाळ कुठून आणायचा हे वैद्यकाचं. दोन्ही प्रश्न एकाच खोलीत विचारले गेले नाहीत तर ३३ आणि ५० मधला फरक धोरण ठरल्यानंतर कळतो.

दावा बरोबर असतो ती जागा

काही प्रस्तावांत ‘आंतरशाखीय’ हा शब्द सजावटीपुरता असतो, आणि तिथे पैसा नाकारलाच पाहिजे. ओळखायला चार जागा तपासाव्यात. गणितज्ञाचं नाव पहिल्या वर्षापासून आहे की फक्त शेवटच्या वर्षी ‘माहितीचं विश्लेषण’ या ओळीत? गणितातून आलेल्या उत्तरामुळे प्रयोगाची आखणी बदलू शकेल असा टप्पा वेळापत्रकात आहे का? दोन्ही मार्गदर्शकांनी तरुण संशोधकाला दिलेला वेळ तासांत लिहिला आहे का? आणि त्या पदाचा पगार दोन विभागांत अर्धा-अर्धा वाटला असेल, तर बढतीच्या वेळी त्याचं मूल्यमापन कोणता विभाग आणि कोणत्या निकषांवर करणार, याचं दोघांच्या सहीचं पत्र जोडलेलं आहे का? शेवटचं पत्र नसेल तर बाकी तिन्ही उत्तरं चांगली असली तरी प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवावा.