कापता येईल रे, पण पुढं?

शनिवारी रात्री राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर अन्यानं विषय काढला आणि साडेअकरापर्यंत कुणी हललं नाही.

"समजा जुलै आहे," अन्या म्हणाला. "कांदाटी खोऱ्यात अडकलोय. कोयनेच्या पाण्यावर वारं सुटलंय, लाँच बंद. सोबतच्या पोराचं अपेंडिक्स फुटायला आलंय. फोनला रेंज आहे, पलीकडं सर्जन बसलाय, एकेक पायरी सांगतोय. मी पोट उघडणार. तुम्ही काय करणार? बघत बसणार?"

अन्याचं गॅरेज आहे. त्याच्या हातात जादू आहे हे सगळा सातारा मान्य करेल. तीन गॅरेज फिरून आलेली गाडी अन्या नीट करतो आणि वर म्हणतो, "उघडून बघितल्याशिवाय काही कळत नसतं." त्यामुळं तो नुसत्या फुशारक्या मारत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की जमेल.

बापू आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते, बावीस वर्षं काढून घरी आले. ते एवढंच म्हणाले, "मी नाही उघडणार."

"बापू, तुम्ही? तुम्ही तर जखमा शिवल्यात!"

"म्हणूनच नाही उघडणार."

अन्यानं मग हुकमाचं पान काढलं. ११ सप्टेंबर १९४२. अमेरिकेची 'सीड्रॅगन' पाणबुडी जपान्यांच्या ताब्यातल्या दक्षिण चिनी समुद्रात. डॅरेल डीन रेक्टर नावाचा १९ वर्षांचा खलाशी पोटदुखीनं तळमळतोय आणि बोटीवर डॉक्टर नाही. व्हीलर लाइप्स नावाचा विशीतला फार्मासिस्ट्स मेट पुढं झाला. पाणबुडी १२० फूट खाली नेली, म्हणजे हलणार नाही. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर पोराला झोपवलं. जखम उघडी धरायला चमचे वाकवले, भुलीच्या ईथरच्या मास्कसाठी चहाची गाळणी घेतली, टॉर्पेडोतलं अल्कोहोल काढून त्यात हत्यारं बुडवली, सल्फाच्या जंतुनाशक गोळ्या कुटून भुकटी केली. अडीच तास लागले. रेक्टर वाचला आणि काही दिवसांत कामावर उभा राहिला.

"चमचे आणि गाळणी!" अन्या म्हणाला. "आणि तुम्ही मला सांगताय जमणार नाही."

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "लाइप्स कोण होता ते सांगितलं नाहीस. औषधाच्या दुकानातला पोरगा नव्हता तो, माझ्याच धंद्यातला होता. नौदलाच्या इस्पितळात राबलेला. अपेंडिक्सची ऑपरेशनं चालू असताना बाजूला उभा राहून मदत केलेला. कुठं कापायचं, आत काय दिसतं, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं होतं. गोष्टीत चमचे राहतात, ती आधीची वर्षं कुणी सांगत नाही."

मला हे फार पटलं. आपण गोष्ट सांगताना अवजार मोठं करतो, कारण चमचा दिसतो, डोळ्यासमोर येतो. इस्पितळातल्या ड्यूट्या दिसत नाहीत.

बापू पुढं म्हणाले, "नौदलातल्या वरिष्ठ डॉक्टरांना ते अजिबात रुचलं नव्हतं. लाइप्सला पदक मिळालं २००५ साली, मरायच्या थोडं आधी. पाणबुडीवर अपेंडिक्स झालं तर चाकू लावायचा नाही, औषधांवर ठेवायचं आणि बंदर गाठायचं, असं पुढं ठरलं. एक वाचला म्हणून वाट पाडायची नसते."

रेक्टर १९४४ मध्ये 'टँग' पाणबुडीबरोबर गेला. त्यांच्याच बोटीतून सुटलेला टॉर्पेडो उलटा फिरून आला. दोन वर्षं जास्त जगलेला तो पोरगा रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

सुहासनं रोगोझोव्हचं नाव काढलं. वकिलाला उदाहरण लागतंच. एप्रिल १९६१, अंटार्क्टिकावरचं रशियाचं नोव्होलाझारेव्स्काया केंद्र. लिओनिद रोगोझोव्ह तिथला एकटा डॉक्टर, वय २७, आणि अपेंडिक्स सुजलं त्याचंच. त्यानं स्वतःचं पोट स्वतः उघडलं. नुसती जागा बधिर करून, पावणेदोन तास. मध्येमध्ये चक्कर यायची, दर चार-पाच मिनिटांनी थांबून दम घ्यायचा. घाईत आतड्यालाच चिरा गेला, तोही त्यानंच शिवला.

"पण तो सर्जन होता," शुभदा म्हणाली.

"होता. पण मदतीला कोण होतं? आरसा आणि दिवा धरायला मेकॅनिक. टेप्लिन्स्की."

अन्या हसला. "बघा!"

"आणि हत्यारं हातात द्यायला हवामानवाला, आर्तेम्येव. म्हणजे बिनशिकलेली माणसं ऑपरेशनमध्ये होती की."

शुभदा एका खाजगी दवाखान्यात ओटी सिस्टर आहे, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. ड्यूटी संपवून येते, म्हणून तिचा चहा उशिरा. ती म्हणाली, "हो, होती. त्यांनी काय केलं? धरलं. सांगितलं तेवढं आणि तसंच धरलं. आपण बेशुद्ध पडलो तर कुठलं इंजेक्शन द्यायचं तेही रोगोझोव्हनं त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. ते दोघं नसते तर तो मेला असता. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण सुरी त्यांच्या हातात नव्हती."

मग तिनं अन्याकडं मोर्चा वळवला. त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं ती बोलली असं मी मानतो, म्हणून जमेल तसं लिहितो.

"अन्या, कातडी कापणं म्हणजे काहीच नाही. खाली चरबी लागते. मग स्नायू, ते कापत नाहीत, त्यांचे धागे बाजूला सारतात. मग पोटाचं अस्तर. चिमट्यानं उचलून आधी बघायचं, आतडं तर चिमटीत आलं नाही ना. आत सगळं ओलं, निसरडं, हलणारं. अपेंडिक्स करंगळीएवढं आणि ठरल्या जागी असेलच असं नाही. कधी आतड्याच्या मागं दडलेलं असतं, अनुभवी सर्जनलाही शोधायला वेळ लागतो. त्याला रक्त पुरवणारी वाहिनी आधी बांधायची. गाठ सुटली तर ती वाहिनी आत सरकते आणि खड्डा रक्तानं भरतो. तुझ्या फोनवरच्या सर्जनला तेव्हा लाल रंग दिसेल, दुसरं काही नाही."

कुणी बोललं नाही.

"आणि हे भूल दिलेल्या माणसाचं. तुझ्याकडं भूल कुठाय? दुखतंय म्हटल्यावर पोट लाकडासारखं कडक होतं, त्यात बोट शिरत नाही. भूल मिळाली समज, मग श्वास कोण बघणार? उलटी झाली, फुप्फुसात गेली, तर पोट नीट शिवूनही माणूस हातचा जातो. ओटीत चाकू एकाच्या हातात असतो आणि आम्ही पाच-सहा जण बाकीचं सांभाळत असतो. आणि हे अपेंडिक्सच आहे हे ठरवलं कुणी? मुतखडा असेल. बाई असेल तर गर्भ नळीत राहिलेला असेल."

अन्या हळू आवाजात म्हणाला, "मग मरू द्यायचं?"

तेव्हा मी मामाची गोष्ट सांगितली. कट्ट्यावर कधी सांगितली नव्हती.

मी बारा वर्षांचा असेन. पाटण तालुक्यात आजोळी होतो. भाताच्या बांधावर मामाला घोणस चावली, घोट्याच्या वर. गावातला एक जाणता माणूस धावत आला. चांगला माणूस, कुणाच्याही अडीनडीला उभा राहणारा. त्यानं दाढीचं नवं ब्लेड मागवलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि दाताच्या खुणांवर दोन आडवे चिरे दिले. विष बाहेर पडू दे म्हणाला. बॅटरी मी धरली होती. त्याचा हात जराही थरथरला नाही. चिरे सरळ, एकसारखे. कापण्यात काहीही चुकलं नव्हतं.

रक्त थांबेना. आजीनं जुनं लुगडं फाडून घड्या ठेवल्या. एक भिजली, दुसरी भिजली. जीपमध्ये मामाचा पाय माझ्या मांडीवर होता आणि माझी चड्डी ओली होऊन सीटला चिकटली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, टेबलावर उभी करून ठेवली आणि घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गाठ धरलीच नव्हती. घोणशीचं विष रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतं. अशा माणसाला चिरा देणं म्हणजे बंद न होणारा नळ सोडणं. विष मात्र त्या चिऱ्यातून बाहेर येत नाही.

प्रतिविष मिळालं, मामा वाचला. चाव्यापेक्षा चिऱ्यांची जखम जास्त दिवस चिघळली. आजही तो पाय पावसाळ्यात दुखतो.

"आपल्या देशात साप चावून वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात," मी म्हणालो. "त्यातल्या कितींवर असं बिनशिकलेलं 'ऑपरेशन' झालेलं असतं कोण जाणे. अन्या, मला अंटार्क्टिकाची भीती वाटत नाही. मला त्या ब्लेडची वाटते, कारण ते प्रत्येक घरात आहे."

सुहासनं कायद्याचं सांगितलं. कुणाच्या भल्यासाठी, संमती घ्यायची सोय नसताना, सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे. जुन्या दंडविधानात ९२ वं कलम, आता न्यायसंहितेत ३० वं. सर्जनच हवा असं कलमात म्हटलेलं नाही. "पण त्याखालची उदाहरणं वाचा. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्याची कवटी उघडायची वेळ येते, तिथं 'अ' सर्जन आहे. अपघात झालेल्या मुलावर तातडीची शस्त्रक्रिया, तिथंही 'अ' सर्जन. माणसाला ओढून नेणाऱ्या वाघावर गोळी झाडणारा मात्र कुणीही. जळत्या घरातून खाली धरलेल्या घोंगडीत पोर टाकणाराही कुणीही. आणि पुरेशी काळजी घेतली नसेल तर त्याला कायदा सद्भावना म्हणतच नाही."

१८६० सालच्या कायद्यात हा फरक असा बसलेला आहे, हे ऐकून मी चकित झालो.

पण अन्यानं हार मानली नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा बिनतोड होता. "म्हणजे एमबीबीएसची पाटी असल्याशिवाय हात लावायचा नाही? मग गडचिरोलीत काय झालं?"

तो बरोबर बोलत होता. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. तिथला नवजात बालमृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मोझांबिकमध्ये तर १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या लोकांना तीन वर्षं शिकवून सर्जरीचे तंत्रज्ञ केलं. खेड्यांतल्या इस्पितळांमधली बहुतेक सिझेरियन तेच करतात आणि डॉक्टरांच्या तुलनेत निकाल कमी नाहीत.

"आणि व्हिव्हियन थॉमस?" बापूंनीच भर घातली. "सुतारकाम करणारा काळा पोरगा. जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या पडलेल्या बाळाच्या हृदयाजवळचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन ब्लॅलॉकच्या मागं स्टुलावर उभा राहून हाच सांगत होता, टाका कसा घ्यायचा."

"मग?"

"मग मोज की. ब्लॅलॉककडं कामाला लागला १९३० ला. ते ऑपरेशन १९४४ ला. चौदा वर्षं. आधी कुत्र्यांवर शेकडो वेळा केलेलं. डिग्री नव्हती त्याच्याकडं, शिक्षण होतं. तू दोन्ही एकच धरतोयस."

माझंही म्हणणं हेच होतं, मला इतकं नीट मांडता आलं नव्हतं. अन्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. त्याला तीन वर्षं द्या, शिकवणारा द्या, तो उत्तम करेल. पण मामाला कापणाऱ्या माणसाचाही हात चांगलाच होता. कापू नये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," अन्या म्हणाला. "पोरगा तिथंच तळमळतोय. आता सांगा."

शुभदा म्हणाली, "फोनवर सर्जन आहे ना? त्याला 'कसं कापू' विचारू नकोस, 'सकाळपर्यंत कसा टिकवू' विचार. तोंडानं काही द्यायचं का, गावातल्या उपकेंद्रात कुठलं अँटिबायोटिक आहे, ते तो सांगेल. अमेरिकेत २०२० साली मोठी चाचणी झाली. नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलेल्या दहांतल्या सातांना पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशन लागलंच नाही. फुटायला आलेल्याचं वेगळं, पण रात्र काढायला उपयोग होतो. तोवर १०८ ला कळव, पलीकडच्या काठाला गाडी उभी राहू दे, आणि वारं पडलं की पहिली लाँच काढ."

"म्हणजे हातानं काहीच करायचं नाही."

"करायचं ना. रक्त वाहत असेल तर दाबायचं. नीट दाबता येतं का?"

तिनं रुमालाची घडी केली, माझ्या हाताच्या कोपराखाली ठेवली. "ही जखम. दोन्ही तळवे, कोपर सरळ, अंगाचा भार टाक. दहा मिनिटं. उचलून बघायचं नाही."

अन्या दाबून उभा राहिला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला, ग्लास धुवायला घेतले. माझा हात खाली कट्ट्याच्या दगडाला टेकून बधिर होत चालला होता. तीन-साडेतीन मिनिटं झाली असतील, अन्यानं एक तळवा जरासा उचलून रुमालाखाली बघितलं.

"सुटलं परत रक्त," शुभदा म्हणाली. "पहिल्यापासून."

त्यानं पुन्हा दोन्ही तळवे ठेवले. बापूंनी मनगटावरचं घड्याळ दिव्याकडं वळवलं.