सातबारा सोवळ्यात ठेवण्याची रीत

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराने मुलाचे लग्न गंगापूर रोडवरच्या लॉन्सवर थाटात लावावे आणि आहेराच्या वहीत ५१ रुपयेसुद्धा नावानिशी टिपावेत. मात्र वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची जी सहीनिशी यादी १९८५ च्या नियमांनी मागितली आहे, तिच्या वाटेला जाऊ नये. स्त्रीधन पत्नीचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच साली बजावलेले असल्यामुळे दागिने ‘जपून ठेवण्यासाठी’ सासूबाईंच्या लॉकरमध्ये हलवावेत. विवाहनोंदणी ९० दिवसांत करावी लागते खरी, पण पासपोर्टची गरज पडेपर्यंत तीही थांबू शकते.

खरी जोखीम सातबाऱ्याची. सूनबाई घडांची विरळणी करतील, मजुरांचा चहा करतील, पहाटे पंप सुरू करायलाही उठतील. त्यांचे नाव तेवढे जमिनीच्या कागदावर येऊ देऊ नये. याच जिल्ह्यातील चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, पुढे पत्नीला जमिनीत वाटा देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, आणि १९९२ साली शासनाने नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोयही करून दिली. सुदैवाने अर्ज नवऱ्यानेच करायचा आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. कर्जाला जामीनदार म्हणून पत्नीची सही अवश्य घ्यावी, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संसारात एवढी तरी समानता हवीच. कधी भांडण झालेच, तर ‘घर माझे आहे, चालती हो’ असे साक्षीदारांसमोर म्हणू नये. घर कोणाच्याही नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला दिला आहे, आणि हे आता तिच्या माहेरीही ठाऊक असते.

एवढी खबरदारी घेऊनही एक फट उरते. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्राशिवाय नवरा गेला, तर विधवा मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वारस ठरते. म्हणजे जे नाव नवऱ्याच्या हयातीत सातबारा बाटवणारे होते, ते तेराव्यानंतर तलाठी कार्यालयात वारसनोंदीने आपोआप शुद्ध होते. हा घोटाळा टाळायचा असेल तर चिरंजीवांकडून मृत्युपत्र वेळेवर लिहून घ्यावे. त्याला साक्षीदार दोनच पुरतात आणि नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे सूनबाईंना आधी कळण्याचीही भीती नाही.