वारी, आठ बाय दहात

दिवे घाटातल्या पालखीचा फोटो तुमच्याकडे आहेच. पुण्यात कॅमेरा घेतला की तो निघतोच. आता विकायला काढा.

आधी साइज. ती फोटोकडे बघून ठरवायची नसते, फ्रेमच्या दुकानात ठरवायची. आठ बाय दहाची तयार फ्रेम स्वस्तात मिळते, तीच उचला. कॅमेऱ्याचं चित्र तीनास दोन, म्हणजे अख्खं मावायला आठ बाय बारा लागणार. पण दोन इंचांसाठी फ्रेम कोण करवून घेतो! डावीकडचा इंच कापा, विणेकरी जाईल. उजवीकडचा कापा, मृदंग जाईल. उरतील चार टाळ आणि एका पताकेची काठी. लॅबवाला बिचारा विचारेल, “पांढरी बॉर्डर सोडून पूर्ण काढू का?” त्याला म्हणा, छे, भरून काढ.

मोठंच हवं असेल तर थेट चाळीस बाय साठ. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ठिपके ६०००. इंचाला ३०० धरले तर वीस इंचांत खलास. साठ इंच ताणलेत की इंचाला १०० उरतात. लांबून खपून जातं, पण प्रदर्शनात लोक नाक लावून बघतात. त्यांना सांगा, घाटात धुकं होतं.

भावाचं सोपं आहे. कागद, छपाई, माउंट, फ्रेम मिळून समजा १३०० पडले, तर १२०० लावा. दिवसभर पावसात घाटात उभे राहिलात ते पुण्यात जमा, हॉलचं भाडं हौसेत. कुणी “केवढ्याला?” म्हणालं की लगेच “तुम्ही द्याल ते.”

भाव चढवायचाच असेल तर मर्यादित आवृत्ती, म्हणजे ठरावीकच प्रती काढायच्या. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरना गेला. प्रती फक्त सहा, रुंदी साडेतीन मीटरच्या वर. आपल्याकडे मुठा आहे. खाली पेन्सिलीने १/२५ लिहा, म्हणजे पंचवीसातली पहिली. पंचवीस संपल्या (संपत नाहीत, पण समजा) तर साइज अर्ध्या इंचाने बदलून पुन्हा एकपासून.

एवढं करून गिऱ्हाईक आलंच, तर ते खिशातून टेप काढेल. “सोफ्यामागची भिंत सहा फूट आहे. वारकरी थोडे वाढवता येतील? आणि स्क्वेअर फुटाचा दर काय? आमच्या चौकातला फ्लेक्सवाला वीस रुपये घेतो.”