रणजीचा संघ विकत घेताना

अभिनंदन! रणजी करंडकाचे, म्हणजे देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेत खेळणारे संघ अजून विकायला निघालेले नाहीत, तरी निघालेच तर पहिली बोली आपली, अशी तयारी तुम्ही आत्तापासून ठेवली आहे. लोक जोतं बांधून व्हायच्या आत फ्लॅट बुक करतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की फ्लॅट घेताना आपण पाणी किती वाजता येतं एवढं तरी विचारतो. संघ घेताना कुणी काहीच विचारत नाही. म्हणून हे चार शब्द. सल्ला फुकट आहे, त्यामुळे तुम्हाला तो फारसा पटणार नाही, याची कल्पना आहे.

आधी कुठला संघ घेताय ते नीट बघा. महाराष्ट्राचा घेतला की त्यावर मुंबई मोफत, असा गोड गैरसमज नको. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत आणि तिघांच्या चुली वेगळ्या आहेत. रेल्वे आणि सेनादलही रणजी खेळतात, पण त्या वाटेला जाऊ नका. संघासोबत गणवेशही येईल. मुंबई अर्थातच महाग पडेल. 42 वेळा करंडक नेलेला संघ आहे. पण तिथले जुने लोक जिंकल्याच्या गोष्टी फारशा सांगत नाहीत, हरल्याच्या सांगतात. 1990-91 चा अंतिम सामना हरियाणाविरुद्ध दोन धावांनी गेला, तेव्हा दिलीप वेंगसरकर वानखेडेवर रडले होते. नाबाद 139 करून. तुम्ही मालक असतात तर तिथल्या तिथे जाऊन विचारलं असतंत, "मग आणखी तीन का नाही केल्या?"

हा प्रश्न विचारण्याची जागा सीमारेषेजवळ, कॅमेऱ्याच्या टप्प्यात. हातवारे मोठे ठेवा, कारण माइक तिथवर पोहोचत नाही. 2024 च्या आयपीएलमध्ये लखनौच्या मालकांनी कर्णधार के. एल. राहुलशी केलेली चर्चा सगळ्या देशाने अशीच आवाजाविना पाहिली. शब्द एकही कळला नाही, आशय मात्र पोचला.

मग नाव. नुसतं 'विदर्भ' किंवा 'बडोदा' चालणार नाही. त्यापुढे एखादं जनावर, हत्यार नाहीतर वादळ हवं. नावाची पाटी मात्र लगेच सुटी करता येईल अशीच लावा. आयपीएलमधल्या पुण्याकडून शिका. आधी 'वॉरियर्स' आले, तीन हंगामांत गेले. मग 2016 मध्ये 'सुपरजायंट्स' आले. पहिला हंगाम वाईट गेला म्हणून दुसऱ्या वर्षी धोनीचं कर्णधारपद गेलं आणि नावातला शेवटचा 'स'ही गेला. उरलेल्या 'सुपरजायंट'ने अंतिम फेरी गाठली आणि एका धावेने हरले. आणि मुदतच दोन वर्षांची असल्यामुळे मग संघही गेला. पुणेकरांनी यावर फार शोक केला नाही. त्यांनी फक्त "आम्ही तेव्हाच म्हणालो होतो" एवढंच म्हटलं.

आता खरी अडचण. ती म्हणजे वेळ. तुम्हाला साडेतीन तासांच्या क्रिकेटची सवय. रणजीचा साखळी सामना चार दिवस चालतो, बाद फेरीचा पाच, आणि एवढं करून तो अनिर्णित राहू शकतो. त्याहून वाईट म्हणजे अनिर्णित राहूनही कुणीतरी जिंकतं. 2025 चा अंतिम सामना नागपुरात अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. तुमच्या संचालक मंडळाला हे समजावून सांगायला एक स्वतंत्र माणूस नेमा. त्याला पगार चांगला द्या, टिकणार नाही तो.

त्याच वर्षी केरळ अंतिम फेरीत कसं पोचलं, ते तर मंडळाला सांगूच नका. अहमदाबादला उपांत्य सामन्याचा पाचवा दिवस. केरळच्या 457 चा पाठलाग करत गुजरातची शेवटची जोडी 455 पर्यंत आलेली. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्याच्या हेल्मेटवर आदळला, उडाला आणि थेट स्लिपमध्ये कर्णधाराच्या हातात. दोन धावांची आघाडी, आणि केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत. पाच दिवसांची गुंतवणूक कुणाच्या तरी डोक्याला आपटून परत आली. तुम्हाला यात दिसेल ती फक्त हेल्मेटवरची जाहिरातीची मोकळी जागा.

प्रेक्षकांबद्दलही मनाची तयारी ठेवा. मी पाहिलेल्या एका रणजी सामन्यात स्टँडमध्ये तीसएक माणसं होती, त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक असावीत. माझ्या पुढच्या पायरीवर कानटोपी घातलेले एक आजोबा शेंगा सोलत बसले होते. डावखुरा फिरकीवाला एकाच टप्प्यावर षटकामागून षटकं टाकत होता, धाव निघत नव्हती, काही घडतही नव्हतं. आजोबा टरफलं पिशवीत टाकत म्हणाले, "आता सरळ येईल बघा." तिसऱ्या चेंडूला पायचीत. आजोबांनी टाळी वाजवली नाही, पुढची शेंग घेतली. या माणसाला तुम्ही काय विकणार? चिअरलीडर्स? त्यांना तर ते बाजूला व्हायला सांगतील, साइटस्क्रीन दिसत नाही म्हणून.

गर्दीच हवी असेल तर तारा आणावा लागेल. 2025 च्या जानेवारीअखेर विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळला, तेव्हा दिल्लीच्या कोटला मैदानावर झुंबड उडाली. रेल्वेच्या हिमांशू संगवानने त्याचा त्रिफळा उडवला, सहा धावांवर. स्टँड रिकामे व्हायला लागले. म्हणून नियमावलीत एक कलम आत्ताच घालून घ्या, की ताऱ्याला पहिल्या सत्रात बाद करता येणार नाही. आयपीएलमध्ये सामन्याच्या मध्येच बदली उतरणारा 'इम्पॅक्ट प्लेअर' चालतो, तर हेही चालेल.

खेळाडूंच्या खर्चाची चिंता नको, ते भलतेच स्वस्त आहेत. 40 हून जास्त सामने खेळलेल्याला 2021 च्या वाढीनंतर दिवसाला 60,000 रुपये मिळतात. ऋषभ पंतला आयपीएलच्या जेद्दातल्या लिलावात 27 कोटी मिळाले. तेवढे कमवायला या 60,000 वाल्याला 4,500 दिवस मैदानात उभं राहावं लागेल. म्हणजे 1,125 सामने, आणि हंगामाला साखळीचे सात धरले तर साधारण 160 वर्षं. तोवर फिटनेस टिकवणं ही त्याची जबाबदारी.

इथे तुम्ही म्हणाल, मग आम्ही आलेलं बरंच नाही का? बरंच आहे, हे मी तोंड वाकडं करून मान्य करतो. 2020-21 मध्ये रणजी झालीच नाही, 1934 पासून पहिल्यांदाच. आयपीएल मात्र अमिरातीत नेऊन पार पाडली. सामना नाही तर मानधन नाही, अशा हिशेबावर जगणाऱ्याला मालक वाईट आणि राज्याची क्रिकेट असोसिएशन माउली, असं सांगायला जीभ रेटत नाही. असोसिएशनची मंडळीही खेळाडू कमी आणि पास जास्त मोजतात. त्यांना कामावरून काढू नका बरं का. पासांचं खातं द्या, आनंदाने राहतील.

फक्त खरेदी करताना वरचा मजलाच घ्या. खाली 14 वर्षांखालची पोरं, पावसात चिखलातून खेळली जाणारी मुंबईची कांगा लीग, पहाटे खेळपट्टीवर पाणी मारणारा माळी, असलं बरंच काही असतं. त्यातून नफा नाही, नुसते खेळाडू निघतात. तेही कधी निघतील सांगता येत नाही, आणि निघाले तरी विकले जातील असं नाही. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. लिलावात ते पहिल्याच फेरीत 'अनसोल्ड' जातील. स्ट्राइक रेटच्या रकान्यात काय लिहायचं, यावर तुमचा विश्लेषक अडेल.

वेळापत्रकाची काळजी क्रिकेट मंडळावर सोडा. दक्षिण आफ्रिकेने वाट दाखवलीच आहे. तिथल्या टी-20 लीगचे सहाही संघ आयपीएलवाल्यांचे. 2024 मध्ये तारखा भिडल्या तेव्हा मुख्य खेळाडू लीगसाठी मायदेशीच राहिले, आणि न्यूझीलंडला कसोटी खेळायला गेलेल्या संघाच्या कर्णधारानेही त्याआधी एकही कसोटी खेळलेली नव्हती. मालिका हरले, पण लीग नीट पार पडली.

आणि हो, आपण काहीतरी नवीन करतोय असं भाषणात म्हणू नका. तुमच्या आधीचे मालक मुकुट घालून यायचे. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी 1930-31 मध्ये इंग्लंडच्या हॉब्ज आणि सटक्लिफना आपल्या संघातून खेळायला आणलं होतं. पुढे 1936 मध्ये स्वतःच भारताचे कर्णधार होऊन इंग्लंडला गेले आणि लाला अमरनाथांना दौऱ्यावरून घरी पाठवलं. इंदूरचे होळकर त्यातल्या त्यात दर्दी. सी. के. नायडूंना सैन्यात कर्नल केलं, चार वेळा रणजी जिंकली. संस्थान गेलं, संघ गेला, आणि त्या मुलखाला पुढचा करंडक 2022 मध्ये मिळाला, मध्य प्रदेशच्या नावाने.

पण तुम्ही आदर्श ठेवायचा तो काठेवाडच्या कर्णधाराचा, राजकोटच्या ठाकोरसाहेबांचा. डिसेंबर 1948, पुणे. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद, ब्रॅडमनच्या 452 चा प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या. मध्यंतरात ठाकोरसाहेबांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही. काठेवाडने सामना सोडून दिला. निंबाळकर 443 वरच राहिले, तेही पुढे एकही कसोटी न खेळता.

तेव्हा संघ घ्यालच तर ड्रायव्हरला सांगून ठेवा, गाडी स्टेशनच्या दिशेने तोंड करून लाव म्हणून.