‘८० किलोच्या वर पळू नका’: त्या मेसेजमधलं खरं किती?

थंडीची चाहूल लागली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. लातूरच्या ग्रुपमधून नांदेडला, नांदेडहून परभणीला. मजकूर साधारण असा: ‘८० किलोच्या वर वजन असेल तर पळू नका, गुडघ्याच्या वाट्या झिजतात. आधी वजन उतरवा. पळायचंच असेल तर रोज, सलग आणि उपाशीपोटी पळा. मधे चाललात तर फायदा शून्य. जॅकेट घाला, पाणी पिऊ नका, जितका घाम तितकी चरबी. बूट नकोत, मातीत अनवाणी पळा.’

यातलं पहिलं वाक्य जाड माणसाला घरी बसवतं. त्यातूनही जो बाहेर पडतो, त्याला उरलेली वाक्यं जायबंदी करतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी तो ८० चा आकडा. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ८० किलो असेल तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) २४.७ येतो, १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा ३३.३. एवढा फरक असलेल्या दोन शरीरांना एकच नियम लावता येत नाही.

आता गुडघे. भीती खोटी नाही, पण तिचं कारण चुकीच्या जागी शोधलं जातं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडताना ती दाबली जाते, उचलताना सैल होते आणि त्या हालचालीतून सांध्यातल्या द्रवाचं पोषण तिला मिळतं. म्हणजे गुडघ्याला भार लागतोच. बसून राहिलेला गुडघा सुरक्षित नसतो. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात, हौसेनं पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, तर बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के होती. मुळात पळणारी माणसं बहुधा सडपातळ असतात, त्यामुळे ‘पळाल्यानं गुडघे वाचतात’ असा अर्थ यातून काढू नये. पण हौसेनं पळणाऱ्यांपुरतं पाहिलं तर ‘पळाल्यानं वाट्या झिजतात’ या दाव्याला त्यात आधार मिळत नाही, हे नक्की. उलट जास्तीचं वजन हेच गुडघेदुखीचं मोठं कारण आहे, मग माणूस पळो वा न पळो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धवट का होईना, खरी आहे: वजनदार नवशिक्याला दुखापत लवकर होते. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार जमिनीवर पडतो. ९५ किलोच्या माणसाचा तो दोनशे किलोच्या आसपास जातो. डेन्मार्कमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लठ्ठ नवशिक्यांपैकी जे पहिल्याच आठवड्यात ३ किलोमीटरपेक्षा जास्त पळाले त्यांच्यात दुखापती अधिक दिसल्या. आमच्या मते अख्ख्या विषयाचं सार इथे आहे. वजन तुमच्या हातात आज नाही. पहिल्या आठवड्यात किती पळायचं ते मात्र पूर्णपणे आहे.

आणि नेमकं तिथेच ‘रोज आणि सलग’ हा सल्ला घात करतो. आपल्याकडे पळणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात भरतीची पोरं: पहाटे अंधारात १६०० मीटरची तयारी करणारी, विशी-बाविशीची, काटक. त्यांच्या मागे पळायला गेलं की दहा-बारा दिवसांत नडगी धरते. कारण साधं आहे. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे घट्ट व्हायला महिने लागतात. छाती ‘आणखी पळ’ म्हणते तेव्हा नडगीचं हाड अजून कालच्याच भारातून सावरत असतं. त्या सावरण्यासाठी मधला दिवस मोकळा लागतो. मधे चालणं म्हणजे हार नव्हे. भार मोजून देण्याची ती पद्धत आहे.

प्रत्यक्षात असं करा. आधी आठवड्यातून पाच दिवस सलग ३० मिनिटं भरभर चालता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी काही दुखायला नको. याला कुणाला दोन आठवडे लागतील, कुणाला सहा. मग आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड: ५ मिनिटं चालणं, त्यानंतर ३० सेकंद पळणं आणि २ मिनिटं चालणं अशा सहा फेऱ्या, शेवटी ५ मिनिटं चालणं. आठवड्याचं पळणं भरतं ९ मिनिटं, म्हणजे हळू वेगानं साधारण १ किलोमीटर. दोन आठवडे इथेच थांबा, मन कितीही पुढे धावलं तरी. पुढचे दोन आठवडे १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, सात फेऱ्या. मग दीड मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. प्रत्येक पायरीला दोन आठवडे, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वेळ वाढवला तर वेग नाही.

वेग किती? पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. पावलं लहान आणि जरा जलद टाका. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि दणका थेट गुडघ्यात जातो.

दुखणं ओळखायला शिका. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंतचं आणि चोवीस तासांत जाणारं दुखणं चालतं. चाल बदलायला लावणारं दुखणं चालत नाही. नडगीच्या आतल्या कडेला दुखलं तर भार फार झपाट्यानं वाढला आहे: आठवडाभर फक्त चाला, मग एक पायरी मागून सुरू करा. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखली तर तळव्याचा पडदा ताणला गेलाय. जिना उतरताना वाटीभोवती दुखलं तर बहुधा मांड्या आणि कुल्हे कमजोर आहेत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस आणि ओट्याच्या पायरीवर टाचा उचलणं, दोन्ही १०-१० वेळा, तीन तीन खेपा.

‘आधी वजन उतरवा’ याचं काय? पळताना किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ९५ किलोच्या माणसाच्या पहिल्या आठवड्यातल्या १ किलोमीटरचे ९५. ज्वारीची अर्धी भाकरी. सुरुवातीच्या पळण्यानं वजन उतरणार नाही, हे आधीच कळलेलं बरं. काटा हलतो तो ताटामुळे. पण म्हणून पळणं लांबणीवर टाकायचं कारण नाही. दोन्ही सोबत चालतं, आणि दम, झोप, रक्तदाब यांतला फरक काट्याच्या आधी जाणवतो.

जॅकेट आणि पाणी तोडण्याचा सल्ला सगळ्यांत घातक. घाम म्हणजे पाणी. लिटरभर घाम गेला की काटा किलोभर उतरतो आणि पाणी प्यायलं की परत चढतो. चरबी होती तिथेच राहते. जाड शरीरातून उष्णता मुळातच सावकाश बाहेर पडते, वर जॅकेट घातलं की अडकते. परभणी-नांदेडचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्य उगवायच्या आत पळणं उरकावं. संध्याकाळी सिमेंटचा रस्ता तापलेलाच असतो. गरगरलं, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन.

उपाशीपोटी पळण्यात जादू नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर त्यात धोका आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. अशांनी, आणि छातीत दुखणं किंवा न आटोक्यात आलेला रक्तदाब असणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये. बाकीच्यांना एक केळ पुरतं.

अनवाणी पळायचं कुठे? उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि बाराही महिने बाभळीचे काटे नि सराटे. शिवाय अनवाणी पळताना सगळा ताण पोटऱ्यांवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो. मुरमाचं सपाट मैदान सगळ्यांत उत्तम. ते नसेल तर डांबरी रस्ता चालेल, फक्त उताराची कड सोडून. बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मांड्या घासून सोलवटतात, तिथे व्हॅसलीन लावा किंवा आतून मांडीपर्यंतची घट्ट चड्डी घाला. बायकांनी बुटांइतकाच खर्च घट्ट धरणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर करावा.

गुडघा आधीच सुजत असेल, मधेच अडकत असेल, किंवा मधुमेहानं तळव्याची संवेदना गेली असेल, तर मात्र पळणं सुरू करू नका. अशांसाठी सायकल आहे: सीट इतकी वर घ्या की पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळपास सरळ होईल, आणि सपाट रस्त्यावर वीस मिनिटांपासून सुरुवात करा.