‘गेम बरा, पण विकण्याची पद्धत खोटी’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, गावतलाव दुरुस्त करण्याचा आमचा गेम तुम्ही स्टीमवर (वाल्व कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात) घेतलात. तुमच्या रिव्ह्यूवर साडेअकरा तास खेळल्याची नोंद दिसते, म्हणजे तलाव फुटतो तिथपर्यंत तुम्ही पोचलात. गेमबद्दल तुम्ही फारसं वाईट लिहिलेलंही नाही. राग आहे तो विक्रीवर. ट्रेलरमध्ये वाघ आणि लढाई दाखवून प्रत्यक्षात नुसती बोलाचाली गळ्यात मारली, डेमो होता तो काढून टाकला, ४४९ रुपये लावले, चांगला पब्लिशर न घेता हट्टाने स्वतःच प्रकाशित केला, आणि वरचे चांगले रिव्ह्यू मंडईच्या जत्रेत गावच्या पोट्ट्यांकडून लिहून घेतले, असं तुमचं म्हणणं. शेवटचा आरोप आधी घेतो, कारण तो आमच्या इमानावर आहे.

मंडईत स्टॉल लावला होता, हे खरं. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई भरते. बाहेर गेलेली माणसं परत येतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य असतं, रात्री झाडीपट्टीचं नाटक. एवढी गर्दी आम्हाला दुसरीकडे फुकट कुठे मिळणार? दोन लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर घेऊन बसलो. पण त्या वेळी गेम विक्रीला आलेलाच नव्हता. तो एप्रिलमध्ये आला, आणि विक्रीला न आलेल्या गेमवर स्टीम रिव्ह्यू लिहूच देत नाही. आल्यावरही गेम खात्यात लागतो, निदान पाच मिनिटं खेळलेला लागतो. त्या पोट्ट्यांपैकी बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटरच नाही. आम्ही गेम फुकट उघडणाऱ्या ‘की’ (कोड) वाटल्या त्या यूट्यूबवाल्यांना आणि काही पत्रकारांना. असा कोड टाकून मिळवलेल्या गेमचा रिव्ह्यू पानावर दिसतो, पण वरच्या टक्केवारीत धरला जात नाही. नेमक्या असल्या लबाड्या होऊ लागल्या म्हणून वाल्वने २०१६ सालीच तो नियम केला. वर जो आकडा दिसतो तो पैसे मोजून घेणाऱ्यांचा आहे, आणि तुमचा खाली वळलेला अंगठाही त्यात मोजलेला आहे.

मंडईत आम्हाला मिळालं ते वेगळंच. पोट्टे संवाद न वाचता बटण दाबत सुटायचे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेल्यावर गावतलावाचं पाणी कोणी सोडायचं, या भांडणात त्यांना काडीचा रस नव्हता. पण शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, बैलजोडी हाती आली की खेळणारा एक आणि मागून ओरडणारे दहा. तुम्हीही लिहिलंय की शंकरपट हाच सगळ्यात मजेचा भाग, मग तो ट्रेलरमध्ये का लपवला? लपवला नाही. आमचा पहिला ट्रेलर त्यानेच सुरू होत होता. बघ्यांची संख्या चांगली होती, पण खाली परदेशातले लोक विचारू लागले, हा रेसिंग गेम कधी येतोय म्हणून. स्टीम तुमचा गेम कोणाला दाखवतं हे बरंचसं टॅगवर (गेमला लावलेल्या प्रकाराच्या चिठ्ठ्यांवर) आणि तो कोणत्या जातीचे गेम खेळणारे उचलतात त्यावर ठरतं. शर्यतीचे शौकीन आले असते, अर्ध्या तासात पाटीलबुवांची बैठक सुरू झाली असती आणि सगळ्यांनी पैसे परत मागितले असते. गर्दी नको होती असं नाही, पण ही गर्दी आमची नव्हती. म्हणून शंकरपट काढला आणि वाघ घातला.

वाघ गेममध्ये चौथ्या तासाला येतो, त्याआधी येत नाही, हे बरोबर. पण येतो, आणि ट्रेलरमध्ये आहे तसाच येतो. त्यातली एकही चौकट वेगळी सजवून घेतलेली नाही. झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांच्या पोस्टरवर लावणी आणि विनोदी नट मोठे असतात, आत नाटक रडवणारं असलं तरी. त्यावरून कोणी कंपनीला खोटं म्हणत नाही, पोस्टर वाचायची सवय प्रेक्षकाला असते. आमच्या पानावर तर ट्रेलरच्या शेजारीच पहिलं वाक्य आहे की या गेममध्ये लढायांपेक्षा वाटाघाटी जास्त आहेत. आणि ‘ओपन वर्ल्ड’ (मोकळं हिंडायचं जग) हा टॅग आमचा नाही. स्टीमवर खेळाडूही टॅग लावतात. तो कोणी तरी लावला, वर आला, आणि शिव्या आम्ही खातोय.

डेमोचं. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट हा डेमोंचा मेळा वर्षातून तीनदा होतो आणि एका गेमला त्यात एकदाच शिरता येतं. आम्ही फेब्रुवारीत शिरलो, सुरुवातीच्या तासाभराचा डेमो लावला. लोक कुठे कंटाळतात ते तिथे कळलं, म्हणून ती सुरुवात जवळजवळ नवीन लिहिली. त्यानंतर जुना डेमो ठेवणं म्हणजे दुकानात एक माल दाखवून दुसरा देणं झालं असतं. नवा करायचा तर डेमो हा गेमपासून वेगळा बांधावा लागतो, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि आम्ही तिघं आहोत. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर वाल्व पैसे परत देतं. आम्हाला विचारतही नाही. आमच्यासारख्या संथ गेमला दोन तास अपुरे पडतात, ही तुमची तक्रार मात्र मला पटते. तिच्यावर आमच्या हातात इलाज नाही, मुदत वाल्वची आहे.

आता ४४९. तुमचा हिशोब असा की ९९ला दिला असता तर हजारोंनी घेतला असता. स्टीमवर दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी आलेला असतो. तो काढला की ४४९चे साधारण ३८० राहतात. त्यातले ३० टक्के वाल्वचे. उरले २६६, तेही डॉलरमध्ये, बँकेची कात्री लागण्याआधी. हाच हिशोब ९९ला केला तर हाती ५९ रुपयेही पुरते येत नाहीत, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या जागी साडेचार आणावे लागतात. झाडीपट्टीतला तलाव दुरुस्त करण्याचा गेम घेणारी साडेचारपट माणसं कुठे आहेत ते कोणी दाखवलं तर किंमत उद्या उतरवतो. ज्यांना आज परवडत नाही त्यांनी विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. सूट २० टक्के किंवा जास्त दिली की स्टीम स्वतःच मेल पाठवतं, आणि उन्हाळी सेलमध्ये ती आम्ही देणार आहोत.

पब्लिशरबद्दल तुम्ही ‘स्टारड्यू व्हॅली’चं उदाहरण दिलंय, एकट्या माणसाने करून दाखवलं म्हणून. एरिक बॅरोनने तो चार वर्षांहून जास्त काळ खपून एकट्याने बनवला, हे खरं. पण २०१६च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला तेव्हा प्रकाशनाची बाजू चकलफिश या ब्रिटिश कंपनीकडे होती. बनवणं एकट्याचं होतं, विकणं नव्हतं. म्हणजे तुमचं उदाहरण पब्लिशरच्याच बाजूचं आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पब्लिशर पैसा देतो, तपासणीला माणसं देतो, कन्सोलवर नेतो, पत्रकारांचे नंबर त्याच्याकडे असतात. त्या बदल्यात बहुधा आधी आपला खर्च वसूल करतो आणि मग वाटणी करतो, हेही रास्तच. आमच्याशी ज्यांचं बोलणं पुढे गेलं त्यांना तलाव नको होता, राजवाडा हवा होता, आणि झाडीबोलीतले संवाद काढून फक्त इंग्रजी ठेवायचं होतं. एवढं दिल्यावर आमच्याकडे उरतं काय? वाघ तेवढा.

झाडीबोली शहरात कळत नाही म्हणता, तर सेटिंगमध्ये प्रमाण मराठीच्या ओळी आहेत, त्या चालू करा. आधीच्या इंजिनात जोडाक्षरं तुटत होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसत होती. गोडो या गेम-इंजिनाची चौथी आवृत्ती आल्यावर सगळं तिकडे हलवलं. बोली ठेवायला इतका उपद्व्याप केलाय, आता ती काढणार नाही.

राहिला तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलेला बग, तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) उतरताना डोंगा (होडी) अडकून पडतो तो. आमच्याकडे तो काही केल्या घडत नाहीये. लाइन कधीही जाते म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर गेम आपोआप सेव्ह होतो, तेव्हा अडकण्याआधीची सेव्ह तुमच्याकडे नक्की असेल. मुख्य मेन्यूत ‘अडचण कळवा’ दाबलं की ती फाइल आमच्याकडे येते. पावसाळ्याचा पॅच सध्या उघडाच आहे, त्यात ही दुरुस्ती बसवता येईल.